यंत्रावरचे सहा दिवस

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत रोज सौद्याला स्वतः उभे राहत. हळकुंड मोडायचे, आतला रंग पाहायचा आणि मगच भाव बोलायचा, ही त्यांची रीत. दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वाच्या आधी मंदिराच्या पायऱ्या चढताना त्यांना धाप लागू लागली. तपासणीत कळले की हृदयाची एक झडप गळते आहे आणि तीन रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत. पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली.

झडपेचा विषय निघाला तेव्हा शल्यविशारदांनी दोन पर्याय समोर ठेवले. एक झडप प्राण्याच्या ऊतीपासून केलेली, दुसरी कार्बनची. अण्णांच्या वयाला पहिली अधिक सोयीची, कारण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, “ती कुठल्या प्राण्याची?” उत्तर ऐकल्यावर त्यांनी कार्बनची झडप निवडली आणि गोळीचा जाच पत्करला. डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही. पुढे जे काही घडले त्यात अण्णांच्या देहाविषयी अण्णांना विचारून घेतलेला निर्णय हा एवढाच. बाकीच्या संमतिपत्रांवर आम्ही बँकेच्या कागदांवर करतो तशा, न वाचता, सह्या करत गेलो.

गुरुवारी सकाळी आठ वाजता त्यांना आत नेले. दुपारी दोनपर्यंत निरोप मिळेल असे सांगितले होते. तीन वाजले, पाच वाजले. दिवस मावळायच्या आत आईने आम्हा दोघा भावांना डब्यातले चार घास खायला लावले. स्वतः मात्र खाल्ले नाही. पावणेसातच्या सुमारास शल्यविशारद बाहेर आले. टोपी त्यांच्या हातात होती. “शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली आहे,” ते म्हणाले, “पण हृदय यंत्रावरून उतरत नाही.”

या वाक्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नव्हता, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. अशा शस्त्रक्रियेत हृदय काही काळ थांबवलेले असते आणि तेवढा वेळ रक्त फिरवण्याचे व त्यात प्राणवायू मिसळण्याचे काम बाहेरचे यंत्र करते. काम झाले की हृदय पुन्हा सुरू करतात, हळूहळू यंत्राचा वेग कमी करतात आणि हृदय आपला भार आपण उचलते. बहुतेकांच्या बाबतीत हे सुरळीत घडते. शंभरात एखाद-दुसऱ्याच रुग्णाचे हृदय धडधडते खरे, पण त्याच्यात रक्त पुढे ढकलण्याचे बळ नसते. औषधे देऊन पाहतात, महाधमनीत फुगा बसवून आधार देतात. तेही पुरले नाही तर दोनच मार्ग उरतात. एक तर तिथेच थांबायचे, नाहीतर एक्मो नावाच्या, कित्येक दिवस चालू शकणाऱ्या यंत्रावर रुग्णाला ठेवायचे.

“त्यातून किती जण वाचतात?” धाकट्या भावाने विचारले.

“शंभरात पस्तीस ते चाळीस जण घरी जातात. यांचं वय पाहता मी त्याहून जास्त सांगणार नाही.”

“आणि सही केली नाही तर?”

“तर आज रात्रीच.”

आम्ही नफ्यातोट्याचा अंदाज बांधून जगणारी माणसे. शंभरात चाळीस अशा भरवशावर अण्णांनी कधी एक पोते हळद घेतली नसती. पण तो विचार मला नंतर सुचला. तेव्हा समोर कागद होता, पेन होते, आणि थोरला मुलगा म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. मी सही केली. आई दहा पावलांवर माळ घेऊन बसली होती. तिला विचारावे हे मला सुचले नाही. की सुचले होते आणि मी टाळले? अजून नक्की सांगता येत नाही.

या यंत्राची कुळकथा मी नंतर वाचली. बॉस्टनमध्ये १९३० च्या सुमारास जॉन गिबन नावाचा तरुण डॉक्टर फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका स्त्रीजवळ रात्रभर बसून होता. तिचे काळे पडत चाललेले रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत देता आले तर, हा विचार त्याला तिथे सुचला. ती स्त्री वाचली नाही. गिबन आणि त्याची पत्नी मेरी यांनी पुढची वीसहून अधिक वर्षे त्या एका विचारामागे घालवली, आणि ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या पडद्यातले छिद्र यंत्राच्या साहाय्याने बुजवले गेले. पण त्या काळच्या यंत्रात रक्ताचा वायूशी उघडा संबंध येई आणि काही तासांतच रक्तपेशींची नासाडी होई. मधे पातळ पडदा ठेवून एका बाजूने रक्त व दुसऱ्या बाजूने प्राणवायू नेण्याची युक्ती साधली तेव्हाच तासांचे दिवस झाले. १९७१ साली कॅलिफोर्नियात अपघातात जखमी झालेला एक तरुण अशा यंत्रावर तीन दिवसांहून अधिक काळ राहून वाचला. ज्या यंत्रामुळे अण्णा आज ओसरीवर बसून चहा पितात, त्याचे वय माझ्याहून फारसे जास्त नाही.

रात्री अकराला मला एकट्याला आत सोडले. अण्णांच्या जांघेतून दोन जाड नळ्या बाहेर आल्या होत्या. एकीतून काळपट रक्त यंत्राकडे जात होते, दुसरीतून लालभडक होऊन परत येत होते. माणसाचा श्वास असा डोळ्यांनी पाहता येतो हे मला ठाऊक नव्हते. पडद्यावर रक्तदाबाची रेघ होती, पण ती जवळजवळ सपाट. यंत्राचा प्रवाह अखंड असतो, त्याला ठोका नसतो, असे परिचारिकेने सांगितले. “ही रेघ वर-खाली व्हायला लागली की समजायचं, हृदय काम करायला लागलं.” त्या रेघेकडे मी सहा दिवस पाहिले.

पहिल्याच रात्री छातीत रक्तस्राव झाला आणि पहाटे त्यांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले. इथली अडचण अशी की नळ्यांमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ ठेवावे लागते, आणि पातळ ठेवले की ताज्या जखमा वाहू लागतात. तराजूची दोन्ही पारडी धोक्याचीच. हे औषध म्हणजे हेपॅरिन. दुसऱ्या दिवशी बाटलीवरचे नाव वाचून मी मोबाइलवर शोधले तेव्हा कळले की ते डुकराच्या आतड्यापासून काढतात. मी त्या जागीच खाली बसलो. ज्यांनी झडपेसाठी जन्मभराची गोळी पत्करली त्यांच्या अंगात ते थेंबाथेंबाने जात होते. दुपारी डॉक्टरांना विचारले. ते शांतपणे म्हणाले की हृदयाच्या जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेत हेच वापरतात, अण्णांना ते गुरुवारी सकाळीच दिले गेले होते. कृत्रिम पर्याय आहेत, पण अशा अवस्थेत सर्वांत ओळखीचे औषध हेच. मी मान हलवली. घरात कुणाला बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी उजवे पाऊल थंड पडले. मोठी नळी मांडीच्या धमनीत असल्याने पायाला रक्त कमी पडते. त्यासाठी वेगळी बारीक नळी घातलेली होती, तरीही दोन बोटे काळी पडू लागली. मूत्रपिंडे थकली, डायलिसिस सुरू झाले. त्याच दिवशी विम्याची रक्कम संपली. दिवसाचा खर्च लाखाच्या आसपास होता. यार्डातल्या तीन व्यापाऱ्यांनी चिठ्ठीचपाटीशिवाय पैसे पाठवले, त्यांतल्या एकाशी आमचा भावावरून वर्षभर अबोला होता. हे इथे लिहिले नाही तर मला बरे वाटणार नाही.

त्या संध्याकाळी काकांनी मला गॅलरीत नेले. “दादा, किती दिवस हे चालवायचं? अण्णा धर्माला धरून राहणारा माणूस. शुद्धीत असता तर सल्लेखनेचा विचार केला नसता का?” काकांना दुष्टावा ठाऊक नाही, त्यांना भावाचे हाल पाहवत नव्हते. पण मला राग आला. आमच्या घराण्यात पणजीने सल्लेखना घेतल्याची आठवण सांगतात. तिने स्वतः गुरूंकडे जाऊन, घरच्यांची क्षमा मागून, शुद्धीत व्रत घेतले होते. बेशुद्ध माणसाच्या वतीने दुसऱ्या कुणाला ते घेता येत नाही. काकांना मी एवढेच म्हणालो की यंत्र काढायचे की नाही हा हृदयाच्या ताकदीचा प्रश्न आहे, त्याला व्रताचे नाव देऊ नका. ते गप्प झाले. त्यांच्या प्रश्नातला खरा भाग मात्र तसाच राहिला. किती दिवस? मी डॉक्टरांना तो जसाच्या तसा विचारला.

त्यांचे उत्तर मी डायरीत लिहून ठेवले आहे. हे यंत्र बरे करत नाही, फक्त वेळ देते. त्या वेळेत हृदय आपण होऊन सावरले तर ठीक. नाही सावरले तर पुढे कायमचा पंप किंवा हृदय प्रत्यारोपण, आणि अण्णांचे वय व मूत्रपिंडांची अवस्था पाहता ते दोन्ही मार्ग बंद. “म्हणून मी दर दिवशी सकाळी तुमच्याशी बोलेन. सातव्या-आठव्या दिवशीही रेघ सपाट असेल तर चालू ठेवा असं मीच सांगणार नाही.” मला त्या वाक्याने धीर आला. मुदत कळली की माणूस ओझे उचलू शकतो. बिनमुदतीच्या ओझ्याखाली तो आधी वाकतो आणि मग मोडतो.

प्रतीक्षागृहात लातूरकडचे एक गृहस्थ भेटले होते. त्यांच्या पत्नीला आमच्या तीन दिवस आधी त्याच यंत्रावर ठेवले होते. शनिवारी तिचे यंत्र काढले. हृदय चालू लागले होते. त्यांनी स्टीलच्या डब्यातून सगळ्यांना पेढे वाटले, आईच्याही हातावर ठेवला. आईने तो पदरात बांधून ठेवला, अण्णा उतरल्यावर खाईन म्हणाली. पुढच्या रविवारी त्या बाई गेल्या, जंतुसंसर्गाने. गावी जाण्याआधी ते गृहस्थ वर येऊन आम्हाला भेटून गेले. मी त्यांच्याकडे पाहूही शकलो नाही. त्यानंतर ‘वाचले’ हा शब्द मी जपून वापरतो.

चौथ्या दिवशी सकाळी रेघेत बारीक उंचवटे दिसले. भरती येण्याआधी पाणी हलते तेवढेच. पाचव्या दिवशी यंत्राचा प्रवाह थोडा थोडा कमी करून, छातीवर इकोची चकती ठेवून डॉक्टरांनी अर्धा तास पाहिले आणि पुन्हा वाढवला. सहाव्या दिवशी बुधवारी नळ्या काढल्या. आईने पेढा खाल्ला नाही. गुरुवारी खाईन म्हणाली, मग रविवारी म्हणाली. लातूरच्या बाई त्याच रविवारी गेल्या.

पुढे नऊ दिवस व्हेंटिलेटर, गळ्याला छिद्र, एक दिवसाआड डायलिसिस. अण्णा जागे झाले, पण ते आमच्या जगात नव्हते. छिद्र बुजल्यावर पहिल्यांदा बोलले ते, “मला पेवात का उतरवलंय?” आमच्या आजोबांची हळद हरिपूरच्या पेवांत असे. जमिनीत खोल खणलेली ती कोठारे बाहेरच्यांना ठाऊक नसतील. पेव उघडले की आत हवा नसते. आधी दिवा सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे बुडाली. अण्णांना वाटत होते की ते पेवात आहेत आणि वरून कुणी दिवा सोडत नाही. हा भ्रम दोन आठवडे टिकला. अतिदक्षता विभागातून आलेल्या पुष्कळ रुग्णांना असे होते, हे आम्हाला कुणी आधी सांगितले असते तर आई इतकी घाबरली नसती.

एकतिसाव्या दिवशी आम्ही त्यांना सांगलीला आणले. उजव्या पायाची दोन बोटे गेली होती, वजन सोळा किलोने घटले होते. यार्डातून माणसे हार घेऊन आली. मला वाटले, संपले. पाच आठवड्यांनी ताप आणि छातीत पाणी, पुन्हा दहा दिवस रुग्णालय. तेव्हा मी आकडे शोधू लागलो. ते मी आधीच शोधायला हवे होते.

जर्मनीतील लाइपझिग येथील एका केंद्राने १९९६ ते २००८ या काळात शस्त्रक्रियेनंतर या यंत्रावर ठेवलेल्या ५१७ प्रौढ रुग्णांचा हिशेब २०१० साली प्रसिद्ध केला. शंभरातले त्रेसष्ट यंत्रावरून उतरले. घरी गेले मात्र शंभरातले पंचवीसच. सहा महिन्यांनी सतरा-अठरा हयात होते, वर्षाने सोळा-सतरा, पाच वर्षांनी तेरा-चौदा. अलीकडे अनेक देशांच्या एकत्रित नोंदींत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण चाळीसच्या आसपास आले आहे, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी त्या संध्याकाळी सांगितले ते खोटे नव्हते. पण जुना हिशेब मी वहीसारखा पुन्हा पुन्हा वाचला. यंत्र उतरले आणि घर गाठले, या दोहोंमध्ये सर्वांत मोठी गळती. घरी आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आणखी एक गळती. आणि सहा महिन्यांनंतर ती रेघ जवळजवळ स्थिरावते. तिथवर पोचलेला माणूस पुढची वर्षे बहुधा काढतो. ‘वाचतील का?’ असा एकच प्रश्न आम्ही विचारला होता. उत्तरे चार होती, आणि पेढ्यांचा डबा पहिल्या उत्तरालाच उघडला जातो.

मार्चमध्ये सहा महिने झाले. आईने तो पेढा केव्हाच टाकून दिला होता. त्या दिवशी तिने घरी नवे केले.

त्याच सुमारास अण्णांनी रुग्णालयाची फाइल मागितली. मी टाळाटाळ केली, पण ज्याने चाळीस वर्षे खतावणी तपासली त्याला कागद न दाखवणे शक्य नव्हते. दोन दिवस ते ओसरीवर चष्मा लावून एक एक ओळ वाचत बसले. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

“हे रोज लावलंय. हेपॅरिन. कशाला?”

“नळीत रक्त गोठू नये म्हणून.”

“कशापासून करतात?”

खोटे बोलता आले असते. मी खरे सांगितले. अण्णांचे बोट त्या ओळीवर बराच वेळ थांबले. आत आईने कुकर लावला होता, त्याच्या तीन शिट्ट्या झाल्या. मग त्यांनी पान उलटले.

“इथं सही कुणाची?”

“माझी.”

“मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं.”

“तुम्ही भुलीखाली होता, अण्णा.”

“गुरुवारी. बुधवारी नव्हतो.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बुधवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या खाटेजवळ बसून दुकानाच्या वसुलीविषयी बोलत होतो. हृदय यंत्रावरून उतरले नाही तर काय करायचे, हा प्रश्न शंभरात एखाद्याच्याच वाट्याला येतो, म्हणून कुणी काढत नाही. ज्याच्या वाट्याला येतो त्याच्याजवळ तो काढायला मग वीस मिनिटे असतात, आणि ज्याला विचारायचे तो आत असतो. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, “तू चूक केलीस असं म्हणत नाही मी. सकाळचं ऊन मला गोड लागतं. पण पुढच्या वेळेचं आत्ता ठरवू.”

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा आगाऊ लेखी इच्छेला मान्यता दिली आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकने पुरतात. पूर्वीसारखे दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. आम्ही ओळखीच्या वकिलांना घरी बोलावले. अण्णांनी मसुदा मराठीत करायला लावला. व्हेंटिलेटर, डायलिसिस, अन्ननळी, प्रत्येकाचे वेगळे कलम. यंत्राच्या कलमापाशी ते थांबले. यंत्र लावूच नये असे ते लिहितील अशी माझी समजूत होती. त्यांनी लिहवले ते असे: बरे होण्याची वाजवी आशा डॉक्टरांना वाटत असेल तरच लावावे, लावतानाच मुदत ठरवावी, मुदतीअखेर सुधारणा नसेल तर माझ्या मुलांना न विचारता डॉक्टरांनीच थांबावे. मुदतीचे दिवस त्यांनी कोरे सोडले. “हुंडीची मुदत माल बघून ठरते,” असे म्हणाले.

मुलांना न विचारता थांबण्याचे ते कलम कायद्यात तसेच्या तसे बसत नाही, डॉक्टरांना कुटुंबाशी बोलावेच लागते, असे वकिलांनी समजावले. अण्णांनी ऐकून घेतले, पण वाक्य खोडले नाही. “ते कायद्यासाठी नाही,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “ते ह्याच्यासाठी आहे.”

सह्या झाल्या. वकील उठले, मी त्यांना दारापर्यंत सोडायला निघालो. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिने हात पुसले आणि विचारले, “आणि माझा कागद कधी करायचा?”